टिश्यूच्या बागेला घड मोठा येतो, तो टिश्यूमुळेच का?

तापीकाठ

रावेर-यावल पट्ट्यातल्या एका शेतकरी गटाची माहिती हातात आली आहे. काही शे केळीच्या बागा आहेत. कोणी टिश्यूची (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली) रोपं लावली, कोणी कंद, पावसाळ्याच्या सुरुवातीची मृगबाग की त्यानंतरची कांदेबाग, जमीन कशी, पाणी विहिरीचं की बोअरचं, खतावर खर्च किती आणि शेवटी रास (म्हणजे घडाचं सरासरी वजन) कितीची पडली, एवढं सगळं नोंदलेलं आहे. सरळ सरासरी काढली तर टिश्यूवाले कितीतरी पुढे दिसतात. गटाच्या बैठकीत हा आकडा सांगितला की पुढच्या हंगामात सगळ्यांनी टिश्यूच लावावी असा ठराव होणार, हे नक्की.

मला तो आकडा पचत नाही. टिश्यूचं रोप महाग. ज्याची जमीन काळी कसदार, पाणी भरवशाचं आणि हातात पैसा, तोच आधी टिश्यूकडे जातो. बरडावरचा, सोसायटीचं कर्ज थकलेला माणूस शेजाऱ्याच्या बागेतून कंद आणून लावतो. मग वजन वाढलं ते रोपाने, जमिनीने की पैशाने?

समजा (हे आकडे मी बसवलेले आहेत, गटाचे नाहीत) १०० टिश्यूच्या बागा आहेत. त्यातल्या ८० काळ्या जमिनीत, रास २६ किलोची. २० बरडावर, रास २० ची. कंदाच्या १०० बागांत उलट: २० काळ्या जमिनीत २४ ची रास आणि ८० बरडावर १८ ची. सरासरी काढा. टिश्यू २४.८, कंद १९.२. फरक ५.६ किलोचा. पण काळीशी काळी आणि बरडाशी बरड ताडून पाहिली तर दोन्हीकडे फरक फक्त २ किलोचा. उरलेले ३.६ किलो जमिनीचे, आणि ते टिश्यूच्या खात्यावर जमा झाले.

जमिनीची नोंद होती म्हणून ती वेगळी काढता आली. नोंदच नाही अशा गोष्टींचं काय? प्रयोग करून झालेला नाही, जे आपोआप घडलं त्याचीच वही आहे. अशा वहीवरून 'यामुळे ते झालं' असं छातीठोक कधी म्हणता येतं?

भरीत_पार्टी

एवढा कीस कशाला पाडायचा भाऊ? माझ्याकडे दोन्ही लावून झालं. टिश्यूची बाग एकसारखी निसवते (सगळ्या झाडांना घड एकाच सुमारास बाहेर पडतात), लवकर कापणीला येते, व्यापारी बांधावर येऊन माल उचलतो. कंदाची बाग म्हणजे आज चार घड, उद्या दोन. हे सांगायला संख्याशास्त्र कशाला लागतं?

अमळनेरी

@भरीत_पार्टी, दादा, एकसारखी निसवण आणि लवकर कापणी यावर वाद नाहीच. प्रश्न घडाच्या वजनाचा आणि 'किती' चा आहे. रोपाचा जादा खर्च २ किलोत निघतो का आणि ५.६ किलोत निघतो का, ही दोन वेगळी गणितं आहेत. बरडावरच्या माणसाने ५.६ वर विसंबून कर्ज काढलं तर तो बुडेल.

@तापीकाठ, तुमची अडचण नवी नाही, आणि गंमत म्हणजे ती शेतातच जन्मली. १९२३ साली नेमान या पोलिश गणितज्ञाने शेतीच्या प्रयोगांवर लिहिताना मांडलं की प्रत्येक तुकड्याची दोन उत्पन्नं कल्पावी, एक हे बियाणं लावल्यावरचं आणि एक ते लावल्यावरचं. यातलं एकच आपल्याला कधीतरी दिसतं. दुसरं कायमचं झाकलेलं. रुबिन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९७४ पासून हाच विचार प्रयोगाबाहेरच्या नोंदींना लावला. तिकडे इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतावर फिशर हा संख्याशास्त्रज्ञ १९१९ मध्ये रुजू झाला आणि त्याने उपाय सांगितला: कुठल्या तुकड्यात काय पेरायचं ते माणसाने ठरवूच नये, चिठ्ठीने ठरवावं. चिठ्ठीला काळी-बरड कळत नाही, सावकार कळत नाही. त्यामुळे दोन्ही गटांत सगळं सरासरीने सारखं वाटलं जातं. ज्याची नोंद नाही तेसुद्धा.

तुमच्या वहीत चिठ्ठी नाही. म्हणून पहिला प्रश्न सूत्राचा नाहीच. कोणाला टिश्यू मिळाली ते कोणी ठरवलं, आणि कशाच्या जोरावर? याचं उत्तर जेवढं नेमकं, तेवढा तुमचा निष्कर्ष पक्का. बाकी सगळ्या पद्धती या उत्तराच्या पायावर उभ्या आहेत.

(जाता जाता: आपल्याकडच्या पीक कापणी प्रयोगात प्लॉट यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठीनेच, निवडतात. आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं त्यात मोठं काम. पण ती निवड 'उत्पन्न किती' हे सांगते, 'कशामुळे' हे सांगत नाही. दोन्हीकडे चिठ्ठी आहे म्हणून लोक गल्लत करतात.)

पारोळ्याची_लेक

आरोग्य खात्याच्या आकडेवारीत काम करते म्हणून तिकडचं एक उदाहरण देते. पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो असं अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीतून वर्षानुवर्षं दिसत होतं. डॉक्टर त्या भरवशावर गोळ्या लिहून देत होते. मग सोळा हजारांवर बायकांवर चिठ्ठी पद्धतीने चाचणी झाली आणि जुलै २००२ मध्ये ती मधेच थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला आणि एकूण अपाय फायद्याहून जास्त दिसले. हृदयविकारही कमी नाही, उलट थोडा जास्तच निघाला. कारणांवर नंतर बरीच चर्चा झाली. एक कारण तापीकाठ म्हणतात तेच: गोळ्या घेणाऱ्या बायका मुळात सुस्थितीतल्या, तब्येत जपणाऱ्या. दुसरं म्हणजे गोळ्या सुरू केल्यावर लगेचच्या काळातला त्रास पाहणीत नीट पकडला गेला नव्हता, कारण बऱ्याच जणी आधीपासूनच गोळ्यांवर होत्या. ज्यांना त्रास झाला त्यांनी गोळ्या आधीच सोडलेल्या.

हे दुसरं कारण लक्षात ठेवा. केळीतही तसं काही असू शकेल.

तापीकाठ

ताई, ते डोक्यात ठेवतो. आता पद्धतीचं विचारतो. मी प्रोपेन्सिटी स्कोर लावायचा विचार करतोय. जमीन, पाणी, क्षेत्र, कर्ज, शिक्षण यांवरून प्रत्येक शेतकरी टिश्यू घेण्याची शक्यता काढायची आणि सारख्या शक्यतेचे टिश्यूवाले-कंदवाले जोडून तुलना करायची. रोझेनबॉम आणि रुबिन यांचा १९८३ चा लेख वाचला. चालेल?

अमळनेरी

चालेल, पण त्याची ऐपत ओळखून. स्कोर फक्त नोंदलेल्या गोष्टी सारख्या करतो. वहीत नसलेली गोष्ट त्याला दिसत नाही. चिठ्ठीची बरोबरी तो करत नाही, लोक तसं समजून चालतात.

शिवाय आधी दोन्ही गटांचे स्कोर शेजारी मांडून पाहा. ज्यांचा स्कोर इतका वरचा आहे की तिथे कंदवाला एकही नाही, त्यांची तुलना कोणाशी करणार? ती नावं बाजूला काढा आणि निष्कर्षात तसं लिहा. आपल्या भागात केळीवर ठिबकाचा परिणाम मोजायला गेलात तर हीच पंचाईत होते. रावेरात बिनठिबकची केळी शोधून दाखवा! तिथे संगणक आकडा देईल, पण तो हवेतला असेल.

चोपडेकर_नर्सरी

मी रोपांच्या धंद्यात आहे, म्हणजे माझं ऐकताना चिमूटभर मीठ घालून ऐका. पण एक विचारतो. तुमच्या वहीत उपटलेल्या बागा आहेत का?

हरण्या (सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस हा विषाणूचा रोग) येतो तेव्हा लहान रोपांवर येतो. पानं पिवळी पट्टेरी पडतात, पोगा (मधलं कोवळं पान) सडतो. टिश्यूची कोवळी रोपं त्याला जास्त बळी पडतात, हे मी स्वतः टिश्यू विकत असूनही सांगतो. काही जणांनी अख्ख्या बागा उपटून टाकल्या आणि तिथे दुसरं काही पेरलं. त्या बागांची रास पडलीच नाही. मग त्या कुठे नोंदल्या?

पारोळ्याची_लेक

मी म्हटलं ते हेच. गोळ्या सोडलेल्या बायका म्हणजे उपटलेल्या बागा.

तापीकाठ

नाहीत. वहीत राशीची नोंद असलेल्याच बागा आहेत. लागवडीची यादी गटाच्या सचिवांकडे वेगळी आहे, ती मागवली आहे.

अमळनेरी

@चोपडेकर_नर्सरी, तुमचं मीठ कामाला आलं. हा मुद्दा धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आहे, जमिनीच्या मुद्द्याहूनही. जमिनीची नोंद वहीत होती, ती वापरून दुरुस्ती झाली. उपटलेल्या बागा वहीतच नाहीत, आणि त्या का नाहीत याचं कारण टिश्यूशीच जोडलेलं आहे. स्कोर कितीही बारकाईने जोडला तरी हे भरून निघणार नाही. लागवड झालेल्या प्रत्येक बागेपासून मोजायला हवं. उपटली असेल तर रास शून्य धरा.

याचाच भाऊबंद म्हणजे निर्यातीला निवडलेल्या मालाची नोंद. समजा व्यापाऱ्याने फक्त निर्यातीचा माल लिहून ठेवला. कंदाची बाग तिथवर पोचायची तर तिची निगा फारच चांगली झालेली असणार. टिश्यूची बाग मध्यम निगेतही पोचते. मग त्या वहीत असं दिसेल की टिश्यूवाले निगा कमी ठेवतात. प्रत्यक्षात तसं काहीच नसेल, निवडीच्या चाळणीने दोन स्वतंत्र गोष्टींत नातं तयार केलं. बर्कसन नावाच्या डॉक्टरने १९४६ मध्ये दवाखान्यातल्या रुग्णांबाबत हे दाखवलं होतं.

धुळ्याना_पोऱ्या

भाऊ, मना तं डोकावरथीन गयं हाई सगळं. पण चिठ्ठीचं समजलं. मग आमच्या कापसाचं ऐका. महाडीबीटीवर (राज्याच्या अनुदान अर्जांच्या संकेतस्थळावर) ठिबकासाठी, अवजारांसाठी अर्ज करायचो तर संगणकी सोडत निघायची. माझं नाव लागलं नाही, शेजाऱ्याचं लागलं. ही चिठ्ठीच झाली की. कोणी मोजलं का त्यावर?

अमळनेरी

वा! दादा, डोक्यावरून गेलं म्हणता आणि नेमकं खजिन्यावर बोट ठेवता. अर्ज केलेल्यांतच नाव लागलेले आणि न लागलेले यांची तुलना केली तर ती जवळजवळ फिशरच्या शेतासारखी. दोघांनाही ठिबक हवं होतं, दोघांनीही कागद जमवले. फरक सोडतीचा. आता योजना 'प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य' यावर आली आहे, म्हणजे जो चपळ, ज्याच्या घरात संगणक किंवा ओळखीचं केंद्र आहे तो पुढे. शेतकऱ्याला ते बरं की वाईट हा वेगळा वाद, पण मोजणाऱ्याच्या हातातली चिठ्ठी गेली.

सोडतीतही एक खोच आहे. नाव लागलेले सगळे ठिबक बसवत नाहीत. आधी पदरचे पैसे घालावे लागतात, अनुदान मागून येतं, काही जण तिथेच गळतात. उलट नाव न लागलेला एखादा कर्ज काढून बसवतोच. म्हणून बसवलेल्यांची न बसवलेल्यांशी तुलना केली की पुन्हा तोच पैशाचा घोळ. सोडतीचा निकालच धरून ठेवायचा. नाव लागलेल्यांचं एकरी उत्पन्न सरासरीने किती वाढलं, त्याला सोडतीमुळे ठिबक बसवणाऱ्यांचं प्रमाण किती वाढलं याने भागायचं. उत्पन्न एका क्विंटलने वाढलं आणि ठिबकाचं प्रमाण निम्म्याने, तर सोडतीमुळे ज्यांनी बसवलं त्यांच्यावरचा परिणाम दोन क्विंटलचा. अट एकच: सोडत उत्पन्नावर ठिबकाखेरीज दुसऱ्या कुठल्या वाटेने परिणाम करत नसावी. अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच जातीच्या कामासाठी. त्यांच्या जोडीला डेव्हिड कार्ड हे अर्थतज्ज्ञ होते.

सातपुडा_एक्सप्रेस

सोडत नसली तरी दोन हेक्टरची रेघ आहे. केंद्राच्या ठिबक योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, त्यावरच्याला ४५. राज्याचा हिस्सा धरून ८० आणि ७५. १.९ हेक्टरवाला आणि २.१ हेक्टरवाला यांच्यात बाकी फरक तो काय? रेघेच्या अलीकडचे-पलीकडचे ताडून पाहायचे. ही युक्ती १९६० सालची आहे, थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल यांची, शिष्यवृत्तीच्या गुणांवरची.

भरीत_पार्टी

आणि खातेफोड कोण धरणार? आमच्याकडे योजना आली की बापाच्या सातबाऱ्याचे तीन होतात. बायको, थोरला, धाकटा. सगळे 'अल्पभूधारक'. रेघेच्या अलीकडे आहेत ते हुशार लोक.

सातपुडा_एक्सप्रेस

शंभर टक्के मान्य. तपासायची रीतही आहे. खात्यांची संख्या क्षेत्रानुसार मांडायची. दोन हेक्टरच्या जरा खाली खाती एकदम दाटली आणि जरा वर विरळ झाली, की समजायचं लोकांनी रेघ पाहून उड्या मारल्या. मग त्या तुलनेत राम नाही. शिवाय ८० आणि ७५ मधला फरक इतका थोडा की त्याने किती जणांचा निर्णय बदलेल याचीच शंका आहे.

तापीकाठ

आमच्या पट्ट्याला अजून एक रेघ आहे, राज्याची. रावेर संपलं की बऱ्हाणपूर. तीच केळी, तसंच हवामान, बाजार एकमेकांचे भाव पाहून चालतात. आपल्या बाजूला एखादी योजना आली आणि तिकडे नाही, तर?

पारोळ्याची_लेक

तर दोन्हीकडचं आधीचं आणि नंतरचं बघायचं. इकडे वाढ किती, तिकडे किती, त्या दोन वाढींतला फरक. नुसतं 'आधी-नंतर' केलं तर त्या वर्षीचा पाऊस योजनेच्या नावावर जातो. नुसतं 'इकडे-तिकडे' केलं तर जुना फरक जातो. याचा आद्य नमुना लंडनचा डॉक्टर जॉन स्नो याचा. लंडनमध्ये दोन कंपन्या एकाच वस्तीत, कधी एकाच गल्लीत पाणी पुरवायच्या. त्यातल्या लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये थेम्सवरचा आपला उपसा गटारांच्या वरच्या अंगाला नेला, दुसरीने तसाच ठेवला. १८५४ च्या पटकीत दुसऱ्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या घरांमागे ३७. तेव्हा पटकीचा जंतू डॉक्टरांच्या गावीही नव्हता.

बऱ्हाणपूरच्या तुलनेत बघायचं ते एवढंच की योजनेच्या आधीची काही वर्षं दोन्हीकडची चाल समांतर होती का. नसेल तर सोडून द्या.

तापीकाठ

अजून एक. रिग्रेशनमध्ये (बाकी गोष्टी सारख्या धरून एकेकीचा परिणाम काढायच्या सूत्रात) खताचा खर्च घालू का? घातला की टिश्यूचा परिणाम निम्मा होतो.

अमळनेरी

खर्च लागवडीआधी ठरलेला की नंतर वाढलेला? टिश्यू लावली म्हणून माणूस पुढे जास्त खत सोडतो, महागाचं रोप आहे ना. तो खर्च टिश्यूचाच परिणाम आहे. तो 'सारखा धरून' टिश्यूचा परिणाम विचारणं म्हणजे त्याची एक वाट बुजवून मग तक्रार करणं की माणूस कमी आले. आधी कागदावर बाण काढा: जमीन → टिश्यू, जमीन → रास, टिश्यू → खत → रास. ज्युडिया पर्ल या संगणकशास्त्रज्ञाने हे बाणांचं शास्त्र नीट बसवलं. टिश्यू आणि रास या दोघांच्याही मागे उभ्या असलेल्या गोष्टी धरायच्या, मधल्या वाटेवरच्या सोडायच्या. 'जेवढे रकाने तेवढं बरं' हा समज काढून टाका.

सातपुडा_एक्सप्रेस

आणि जे कागदावर येतच नाही, म्हणजे शेतकऱ्याची हौस आणि कष्ट?

अमळनेरी

ते मोजता येत नाही, पण त्याची झाडाझडती घेता येते. त्याच शेतकऱ्याचं दुसऱ्या गट नंबरच्या जमिनीतलं कोरडवाहू तुरीचं उत्पन्न मागवा. टिश्यूचा तुरीशी काही संबंध नाही. तरीही टिश्यूवाल्यांची तूर जास्त निघाली, तर समजा आपण रोप मोजत नसून माणूस मोजतोय.

दुसरी रीत तंबाखूच्या वादातली. डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं दाखवलं. पुढे त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत खुद्द फिशर होता, तोच चिठ्ठीवाला. त्याचं म्हणणं, एखादा जीन माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कॅन्सरकडेही. १९५९ मध्ये कॉर्नफिल्ड आणि मंडळींनी हिशोब मांडला: सिगारेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नऊपट असेल आणि सगळा दोष लपलेल्या कारणाचा असेल, तर ते कारण ओढणाऱ्यांत किमान नऊपट आढळायला हवं. असं काही कोणी दाखवू शकलं नाही. तुमचाही आकडा असाच तपासा. २ किलोचा फरक पुसायला हौस किती असावी लागेल? थोडीशीच पुरत असेल तर बैठकीत आवाज खाली ठेवून बोला.

तापीकाठ

लागवडीची यादी आली. उपटलेल्या बागांत टिश्यूच्या जास्त आहेत. त्यांची रास शून्य धरली की फरक बराच खाली येतो आणि बरडावर तर जवळजवळ उरत नाही. तुरीची माहिती काही जणांचीच मिळाली, त्यावर अजून बोलत नाही. बैठकीत 'सगळ्यांनी लावा' हा ठराव मांडणार नाही, जमिनीनुसार दोन आकडे देणार आहे.

चोपडेकर_नर्सरी

त्या वर्षी हरण्या जोरात होता. तो नसता तर? रोगाच्या एका वर्षावरून माझा धंदा बसवू नका.

अमळनेरी

रास्त आहे. एका वर्षाची वही त्या वर्षाचंच सांगते. किमान हरण्याचं एक आणि बिनहरण्याचं एक वर्ष हवं.

भरीत_पार्टी

मग सरळ चिठ्ठी टाकूनच लावू की या मृगात. माझ्या शेतात अर्धं टिश्यू, अर्धं कंद. गटातले आणखी काही जण तयार होतील.

चोपडेकर_नर्सरी

एकाच शेतात अर्धं-अर्धं नको. हरण्या पसरवतो तो मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आणि माव्याला बांध कळत नाही. एका अर्ध्यात आला की दुसऱ्यात जाणारच. आणि काकडी-भोपळा वर्गातलं काही आंतरपीक किंवा बांधाला गवत असेल तर विचारूच नका.

अमळनेरी

म्हणजे शेजाऱ्याने काय लावलं त्यावर तुमची रास अवलंबून. मग चिठ्ठी शेताची नाही, शिवाराची टाकावी लागेल. एका शिवारात सगळ्यांनी टिश्यू, दुसऱ्यात सगळ्यांनी कंद. असे निदान डझनभर शिवार मिळतील का?

भरीत_पार्टी

शिवारभर लोकांना एकच रोप लावायला लावायचं? आमच्याकडे पाण्याच्या पाळीवर एकमत होत नाही. बघतो, आधी माझ्या भावबंदांनाच विचारतो.